अंतराळात रंग कोण भरतं?

मंडळी, दिवाळी जवळ आली की दोन गोष्टी न चुकता येतात. एक म्हणजे उटण्याच्या साबणाची जाहिरात. आणि दुसरी म्हणजे 'नासाने अंतराळातून टिपलेला दिवाळीच्या रात्रीचा भारत'. काळ्या पार्श्वभूमीवर आपला देश, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके सांडलेले. बघून वाटावं की आख्खा भारत लायटिंगच्या माळा लावून बसलाय. हा फोटो आमच्या कुंभार पिंपळगावच्या (तालुका घनसावंगी, जिल्हा जालना) घरच्या ग्रुपवर येतो, पुण्यातल्या ऑफिसच्या ग्रुपवर येतो आणि परदेशात ऑनसाइट गेलेल्या मित्राकडूनही येतो.

ह्यावर नेहमीचा उपाय म्हणजे 'फेक आहे हो' असं लिहून मोकळं व्हायचं. पण गंमत अशी की तो फोटो फेक नाहीये! तो खरा आहे, फक्त दिवाळीचा नाहीये. अमेरिकेच्या नोआ ह्या हवामान-सागरी संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज ह्यांनी २००३ साली तो उपग्रहांच्या आकड्यांवरून बनवला. एका रात्रीचा नव्हे, बऱ्याच वर्षांचा मिळून. पांढरा रंग म्हणजे १९९२ च्या आधीपासून दिसणारे दिवे. निळा म्हणजे १९९२ साली दिसू लागलेले, हिरवा १९९८ साली आणि लाल २००३ साली. म्हणजे लाल ठिपका ही फटाक्यांची लड नाही. तिथे उजेड उशिरा पोचला, एवढंच तो सांगतोय. नासाने २०१२ च्या दिवाळीत १२ नोव्हेंबरच्या रात्रीचं खरं चित्र दाखवून खुलासाही केला, की दिवाळीच्या जादा दिव्यांचा फरक अंतराळातून जाणवेल इतका नसतो.

मी हे सगळं घरच्या ग्रुपवर लिहिलं तेव्हा काकांनी एकच प्रश्न टाकला. "म्हणजे हे रंग माणसानेच भरले? मग नासाचे बाकीचे फोटो पण असेच का रे?"

प्रश्न अगदी बिनतोड आहे. आणि त्याचं प्रामाणिक उत्तर आहे, "हो काका, बरेचसे असेच." पण एवढ्यावर थांबलं तर पुढची पायरी ठरलेली, 'मग सगळंच खोटं, चंद्रावरही कोणी गेलं नाही.' म्हणून ह्या विकांताला हाच विषय घेतलाय. अंतराळाची चित्रं कोण बनवतं, कशी बनवतं आणि त्यात खरं-खोटं ठरतं कशावर.

सुरुवात कॉम्प्युटरच्या बऱ्याच आधी झाली, आणि ती एका इंजिनियरने केली (आपल्या जमातीचा अभिमान!). जेम्स नॅस्मिथ हा वाफेच्या हातोड्यासाठी ओळखला जाणारा ब्रिटिश इंजिनियर. निवृत्त झाल्यावर हा गडी दुर्बिणीतून चंद्र बघत बसायचा. तेव्हाच्या फोटोग्राफीला चंद्रावरचे बारकावे पकडता येत नव्हते. मग ह्याने काय करावं? दुर्बिणीतून बघून चित्रं काढली, चित्रांवरून प्लॅस्टरचे चंद्राचे तुकडे घडवले, ते उन्हात तिरपे ठेवले आणि त्यांचे फोटो काढले! जेम्स कार्पेंटर ह्या खगोलशास्त्रज्ञाबरोबर त्याने १८७४ साली 'द मून' हे पुस्तक काढलं, त्यात हे फोटो आहेत. आमच्या गावाच्या नावातच कुंभार असल्यामुळे मला हा प्रकार भलताच आवडतो. चंद्र हाताने घडवायचा आणि उन्हात ठेवायचा. फक्त नॅस्मिथचे डोंगर खऱ्यापेक्षा फार टोकदार झाले. पुढे कित्येक वर्षं चित्रकार चंद्रावर सुळकेच काढत राहिले.

त्यातलं मोठं नाव म्हणजे अमेरिकेचा चेस्ली बोनेस्टेल. १९४४ साली 'लाइफ' मासिकात त्याने टायटन ह्या चंद्रावरून दिसणारा शनी काढला. निळं आकाश, बर्फाळ कडे आणि मधोमध कड्यांसकट शनी. ते बघून एक पिढी अंतराळवेडी झाली म्हणतात. पण १४ जानेवारी २००५ ला हॉयगेन्स यान खरोखर टायटनवर उतरलं, तेव्हा वर दाट नारिंगी धुरकं निघालं. तिथून शनी असा ठसठशीत दिसणं अवघडच. म्हणून बोनेस्टेल खोटारडा ठरतो का? अजिबात नाही. त्याच्या चित्राला कोणी फोटो म्हटलं नव्हतं. ते चित्र म्हणूनच छापलं आणि चित्र म्हणूनच पाहिलं गेलं.

खरी मजा पुढे आहे, कारण यानांकडून चित्रं आली तीच मुळी आकड्यांच्या रूपात.

जुलै १९६५. मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि त्याने २१ पूर्ण आणि बाविसावं अर्धवट, अशी चित्रं टेपवर साठवली. आता जरा गणित करू. एक चित्र २०० गुणिले २०० ठिपक्यांचं, म्हणजे ४०,००० ठिपके. प्रत्येक ठिपका ६ बिट्सचा, म्हणजे उजेडाच्या ६४ पायऱ्या. एकूण २,४०,००० बिट्स. आणि पृथ्वीवर पाठवायचा वेग सेकंदाला सव्वाआठच्या किंचित वर बिट्स. भागाकार करा, २८,८०० सेकंद. आठ तास! एका चित्राला पूर्ण शिफ्ट. आपल्याकडे बिल्ड दहा मिनिटं लांबलं तर लोक चहाला जातात.

जेपीएलच्या प्रयोगशाळेत इंजिनियर मंडळींना धास्ती होती ती टेपरेकॉर्डरची. त्याने नीट काम केलंय की नाही? आठ तास आणि वर प्रक्रियेचा वेळ, एवढं थांबवेना. मग रिचर्ड ग्रम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी येणारे आकडे कागदाच्या पट्ट्यांवर छापले, पट्ट्या शेजारी शेजारी स्टेपल करून भिंतीवर लावल्या आणि चित्रकलेच्या दुकानातून आणलेल्या खडूंनी रंगवायला घेतलं. अमुक ते अमुक आकडा म्हणजे गडद तपकिरी, पुढचा गट तांबडा, त्यापुढचा पिवळा. लहान मुलांच्या 'आकडे बघून रंग भरा' पुस्तकासारखं!

मंगळाच्या यानाने पाठवलेलं, दूरदर्शनच्या पडद्यावर दिसलेलं पहिलं चित्र हे असं, खडूंनी रंगवलेलं. अधिकृत कृष्णधवल फोटो नंतर आला. रंगवलेला भिंतीचा तुकडा पुढे फ्रेम करून जेपीएलच्या संचालकांना भेट दिला. माझ्या मते डिजिटल अंतराळचित्राचा इतिहास इथे सुरू होतो. आकडे आकाशातून आलेले आणि रंग माणसाने ठरवलेला. तांबूस खडू निवडताना ग्रमच्या डोक्यात मंगळ लाल आहे हा विचारही नव्हता म्हणे. त्याला फक्त गडद-फिकट पायऱ्या नीट दिसायला हव्या होत्या. तरी तो लबाडी करत नव्हता, कारण कुठल्या आकड्याला कुठला रंग हे ठरलेलं होतं. रंगांवरून परत आकड्यांपर्यंत जाता येत होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर मॅपिंग डॉक्युमेंट हजर होतं :-)

नकाशाच्या कोपऱ्यात सूची असते ना, निळी रेघ म्हणजे नदी, ठिपक्यांची रेघ म्हणजे तालुक्याची हद्द, तसंच हे. मी तिला रंगाची किल्ली म्हणतो.

किल्ली चुकली तर काय होतं तेही लगेच कळलं. जुलै १९७६ मध्ये व्हायकिंग १ मंगळावर उतरलं. पहिलं रंगीत चित्र घाईघाईत प्रसिद्ध झालं त्यात मंगळाचं आकाश निळसर होतं, अगदी आपल्यासारखं. दुसऱ्याच दिवशी ते बदलावं लागलं. यानावर रंग तपासायची पट्टी बसवली होती. तिचे रंग जुळवले तेव्हा आकाश गुलाबीसर निघालं, धुळीमुळे. हे जाहीर झालं तेव्हा जमलेल्या पत्रकारांनी थट्टेत हुर्यो केली, असं कार्ल सेगनने लिहून ठेवलंय. सगळ्यांना निळंच हवं होतं ना! आकाश निळं असतं ही आपली सवय, आणि मंगळाला आपल्या सवयीशी काही घेणंदेणं नाही. हे पट्टीमुळे कळलं. पट्टी नसती तर आपण मंगळाच्या निळ्या आकाशाची कॅलेंडरं भिंतीवर लावून बसलो असतो.

आता तुमच्या ओळखीचं चित्र. १९९५ सालचे हबल दुर्बिणीने टिपलेले 'सृष्टीचे स्तंभ', गरुड तेजोमेघातले ते तीन उंच धुळीचे खांब. किती जणांच्या डेस्कटॉपवर ते होते ह्याची गणती नाही. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन ह्यांचं ते काम. हबलचा तो कॅमेरा कृष्णधवल. समोर एकेक फिल्टर लावून वेगवेगळी छायाचित्रं घ्यायची आणि मग एकत्र करायची. त्यांनी गंधकाच्या प्रकाशाला लाल रंग दिला, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा. प्रत्यक्षात हायड्रोजनचा हा प्रकाश लाल असतो! पण गंधकाचाही लालच. दोन्ही खऱ्या रंगात ठेवले असते तर लालात लाल मिसळून काहीच वेगळं कळलं नसतं. म्हणून हायड्रोजनला हिरव्यात नेलं. डोळ्याला जे दिसतं ते सोडून दिलं, ते कुठे काय आहे हे दिसावं म्हणून. आणि कुठल्या मूलद्रव्याला कुठला रंग हे सांगून टाकलं.

इथपर्यंत हा सगळा मामला मोठ्या संस्थांचा होता. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तो तुमच्या-आमच्या टेबलावर आला. २००२ साली ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं झालं. २००४ साली दुर्बिणीच्या मूळ फाइली साध्या चित्र-सॉफ्टवेअरमध्ये उघडून देणारा फिट्स लिबरेटर फुकट मिळू लागला. २०१६ मध्ये जुनो यान गुरूपाशी पोचलं. त्याच्यावरचा जुनोकॅम हा कॅमेराच मुख्यतः लोकांसाठी. कच्ची चित्रं जगापुढे ठेवायची आणि हौशी लोकांनी ती रंगवायची. गुरूची जी निळी-केशरी भोवऱ्यांची चित्रं आपण बघतो त्यातली कितीतरी ह्या हौशी मंडळींनी घरी बसून केलेली आहेत. रंग अर्थातच वाढवलेले. मूळ गुरू बराच फिकट, दूध जास्त झालेल्या चहासारखा आहे.

आपल्याकडेही दार उघडलं. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत गेलं, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये इस्रोने त्याचे आकडे सगळ्यांना खुले केले. त्याच्या रंगीत कॅमेऱ्यातला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा, निळा ह्यांपैकी एकच रंग मोजतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून हिशोबाने काढायचे. हसू नका, तुमच्या मोबाईलचा कॅमेराही हेच करतो. म्हणजे काल काढलेल्या मिसळीच्या फोटोतही दोन-तृतीयांश रंग हा अंदाज आहे!

पण मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्यातलं आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप ह्यांनी ती उभी केली. तबकडी पत्र्याची नाही, बारीक तारांच्या जाळीची आहे. लहरीच मीटरभर लांबीच्या, त्यांना जाळीची भोकं जाणवतसुद्धा नाहीत. वजन कमी, वाऱ्याचा मारा कमी, खर्च कमी. ह्या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे २ मीटर लांबीच्या लहरींवर, जवळजवळ ९० टक्के आकाशाची पाहणी केली. २०१६ साली त्यातून सव्वासहा लाखांच्या आसपास रेडिओ स्रोतांची यादी आणि चित्रं सगळ्यांना उपलब्ध झाली.

रेडिओ लहरीला रंगच नसतो. म्हणजे इथे प्रत्येक चित्रात कोणीतरी ठरवलेलाच रंग. मुंबईत काम करणारे खगोलशास्त्रज्ञ डॉ. आनंद होता ह्यांनी २०१३ पासून 'रॅड ॲट होम' नावाचा उपक्रम चालवलाय. त्यांचं म्हणणं असं की कुठलाही बीएस्सी किंवा बीई झालेला माणूस संशोधन करू शकतो. (बीई! मंडळी, आपलं नाव घेतलंय!) देशभरातली मुलं एकाच दीर्घिकेची अवरक्त, दृश्य आणि अतिनील चित्रं घेतात, त्यांना लाल, हिरवा, निळा असे रंग देऊन एकावर एक ठेवतात, त्यावर रेडिओचं चित्र चढवतात आणि एकमेकांना दाखवतात. कुठे काही विचित्र दिसतंय का? रंग भरायचे ते ह्यासाठी.

आणि विचित्र सापडतंही. २०२२ साली त्यांनी आरएडी१२ नावाची दीर्घिका जगापुढे मांडली. तिच्या मध्यातून निघालेला रेडिओ झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळून बुडबुड्यासारखा फुगलाय, सुमारे १०० कोटी प्रकाशवर्षं दूर. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच गटाने युरोपातल्या लोफार दुर्बिणीच्या आकड्यांतून एकमेकांना छेदणारी दोन रेडिओ कडी जाहीर केली. तिथून निघालेला संदेश विश्वाचं वय आजच्या साधारण निम्मं असतानाचा. हौशी लोकांच्या नजरेला पडून ते सापडलं. रंगांना किल्ली होती म्हणून 'हे इथलं लाल कसलं?' असा प्रश्न कोणीतरी विचारू शकलं, नाहीतर नुसतं 'छान आहे' म्हणून अंगठा दाखवून पुढे गेले असते.

आता उलट बाजू. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान ३ उतरलं. आठवतंय का, त्यानंतर एक चित्र सगळीकडे फिरलं, चंद्राच्या मातीत राजमुद्रा आणि इस्रोचं चिन्ह स्वच्छ उमटलेलं? ते लखनौच्या एका तरुणाने केलेलं डिजिटल चित्र होतं. रोव्हरच्या चाकांवर ही चिन्हं खरोखर कोरलेली होती, त्यावरून त्याने कल्पना लढवली. कल्पना झकास, कामही सफाईदार. आणि ते आपलं कल्पनाचित्र आहे हे त्याने लपवलंही नाही. पण तिसऱ्या-चौथ्या फॉरवर्डला ती ओळ गळून पडली आणि उरला 'इस्रोने पाठवलेला फोटो'. एल्विज ह्यांच्या चित्राचं जे झालं तेच. त्यांची वर्षांची सूची गळली आणि दिवाळी झाली.

ह्याचं नुकसान दुहेरी असतं. जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं. लोणार आमच्याकडून फार लांब नाही, परतूर-मंठ्याच्या पलीकडे. फोटो आले तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया एकच, 'फोटोशॉप!' पण ते खरं होतं. उपग्रहाच्या चित्रांतही रंग बदललेला दिसत होता, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हे झालंय. पाठमोऱ्या दिवाळीवर विश्वास ठेवणारे आपण, दारातल्या लोणारवर ठेवेना. त्यात आता एक वाक्य टाइप केलं की एआय दोन सेकंदांत कुठल्याही ग्रहावरचा सूर्यास्त काढून देतं, त्याच्या मागे आकडेच नसतात. खऱ्या चित्राला किल्ली नसेल तर तेही ह्याच ढिगात जाणार.

गावाकडे माझी एक मावसबहीण आहे, अकरावी सायन्सला. तिच्याकडे दुर्बीण नाही, लॅपटॉप नाही, एक मोबाईल आहे. तिला मी जुनोच्या कच्च्या चित्रांबद्दल सांगितलं. दोन आठवड्यांनी तिने गुरूच्या पट्ट्यांचं चित्र पाठवलं. जरा जास्तच भडक, जत्रेतल्या शरबतासारखं. पण खालच्या कोपऱ्यात, चित्रावरच, बारीक मराठीत लिहिलेलं: 'मूळ आकडे जुनो यानाचे. रंग मी वाढवले आहेत. डावीकडची काळी पट्टी कापली आहे.' मी तिला लिहायला सांगितलं नव्हतं हो. वहीत आकृतीखाली नावं लिहायची सवय, दुसरं काय.

तुमच्यापैकी ज्यांना हात चालवून बघायचाय त्यांनी ह्या शनिवारी मंगळयानाची किंवा जुनोची एक फाइल उतरवा. ब्लेंडर येत असेल तर सरळ कल्पनेतला ग्रह उभा करा, त्यातही काही कमीपणा नाही. फक्त पाठवण्याआधी चित्रावरच चार गोष्टी लिहा. आकडे कुठले, कुठल्या रंगाचा अर्थ काय, काय वाढवलं किंवा कापलं, आणि कल्पनाचित्र असेल तर 'कल्पनाचित्र' हा शब्द. चित्रावरच लिहा, कारण खालचा मजकूर पहिल्या फॉरवर्डला जातो आणि फाइलमधली माहिती व्हॉट्सॲप स्वतःच पुसून टाकतं.

असो. बरंच लांबलं. सोमवारी रिलीज आहे आणि माझं स्वतःचं मॅपिंग डॉक्युमेंट अजून व्हायचंय. तुम्ही बनवलेलं चित्र मला जरूर पाठवा, किल्लीसकट!